फक्त जावक

जुन्या कंपनीच्या दफ्तरखान्यात ती ओळखायला वेळ लागत नाही. जाड पुठ्ठा, कण्यावर कातडं किंवा कापड, वर सालाचा आकडा. मिटलेली असताना ती खतावणीचीच बहीण वाटते. उघडली की फरक कळतो. खतावणीचं पान जाड, रेघा आखलेलं; हिचं पान कांद्याच्या पापुद्र्यासारखं. अशी पाचशे, कधी हजार पानं. सगळी अक्षरांनी भरलेली, आणि त्यातली पत्रं हिच्या पानावर कोणीही लिहिलेली नाहीत.

ही कंपनीची लेटर-बुक, बाहेर जाणाऱ्या पत्रांची नक्कलवही. पत्र कॉपिंगच्या खास शाईनं लिहिलं जाई. मग कारकून वहीचं पुढचं कोरं पान ओल्या ब्रशानं दमट करी, जास्तीचं पाणी टिपकागदानं टिपून घेई आणि पत्र त्या पानाला भिडवी. शेजारच्या पानांना ओल लागू नये म्हणून मागेपुढे तेल दिलेले कागद घाली. वही मिटून लोखंडी कॉपी-प्रेसमध्ये ठेवी आणि वरचं चाक फिरवून आवळी. मिनिट-दोन मिनिटांत पत्रातली थोडी शाई पापुद्र्यात उतरे. भिडलेल्या बाजूनं अक्षरं उलटी, पण कागद इतका पातळ की दुसऱ्या बाजूनं ती सुलटी वाचता येत. पत्र टपालात जाई. त्याच शाईचा काही अंश कंपनीत मागे राही. म्हणून मला तिला नुसती नक्कल म्हणवत नाही. मूळ पत्राचा एक कण तिच्या अंगात असतो.

ही युक्ती जेम्स वॉटची. वाफेच्या इंजिनाचा वॉट. बर्मिंगहॅमजवळच्या सोहोमधून तो आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन दूर कॉर्नवॉलच्या खाणींना इंजिनं पुरवत. पत्रांत मापं असत, दर असत, वाद असत आणि प्रत्येकाची प्रत हातानं उतरवणं जिवावर येई. 1780 मध्ये वॉटनं या पद्धतीचं पेटंट घेतलं. तेव्हा सुटे पातळ कागद वापरत. बांधीव वही पुढच्या शतकातली. बोल्टन अँड वॉटचं दफ्तर आज बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात जपलेलं आहे.

मुंबईला हिची गरज तर अधिकच होती. कावसजी दावरांनी 1854 मध्ये ताडदेवच्या कापड गिरणीसाठी कंपनी काढली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या गिरण्यांची यंत्रं बहुतेक लँकेशायरहून येत. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, तरी पत्र जाऊन उत्तर यायला आठवडे लागत. चात्यांची संख्या, पट्ट्याची रुंदी, हप्त्याची तारीख यांबद्दल आपण नेमकं काय लिहिलं होतं, हे उत्तर येईपर्यंत कोणाच्या लक्षात राहणार? ते हिच्या लक्षात राही.

स्वभावानं ती एकमार्गी. आवक तिला ठाऊक नाही. समोरच्यानं काय उत्तर दिलं, ते ती सांगूच शकत नाही. मात्र जे गेलं ते सगळं तिच्याकडे आहे आणि गेलं त्याच क्रमानं आहे. लाखाची मागणी, कोळशाच्या वजनाची तक्रार, वारलेल्या दलालाच्या घरी धाडलेलं सांत्वनाचं पत्र, सगळं एकापाठोपाठ, एकाच गांभीर्यानं. पानांवर आकडे आधीच छापलेले. एखादं पान फाडलं तर तुटलेला आकडा चुगली करतो. मागाहून नवं पान घुसवायला जागाच नाही. कायद्यानंही तिची दखल घेतली होती. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 63 खाली जी उदाहरणं दिली होती, त्यांत कॉपी करण्याच्या यंत्रानं काढलेल्या पत्राच्या प्रतीचं उदाहरण होतं. ते यंत्र म्हणजे हीच लोखंडी प्रेस.

पुढे टंकलेखन यंत्र आणि कार्बन पेपर आले. प्रती सुट्या झाल्या, विषयवार फायलींत गेल्या. ही मागे पडली.

तिची प्रकृती नाजूक आहे आणि कारण तिच्या जन्मातच आहे. ओलीमुळे तिच्यावर अक्षर उमटलं आणि ओलच तिची वैरीण. 1856 मध्ये रसायनशास्त्रज्ञ पर्किनला कृत्रिम जांभळा रंग सापडला. त्यापाठोपाठ आलेल्या ॲनिलिन रंगांच्या शाया कॉपीला उत्तम, पण उजेडात विटणाऱ्या आणि पाण्याच्या थेंबानं फुटणाऱ्या. जुनी लोहयुक्त शाई वेगळीच खोड करते: ती आम्लधर्मी, हळूहळू कागद खाते, आणि अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक उरतं. त्यात आपला पावसाळा, कसर, वाळवी. एके काळी असे कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या पारदर्शक पापुद्र्यांत बंद करत. हेतू चांगला होता, पण ते ॲसिटेट स्वतःच सडतं आणि सडताना व्हिनेगरसारखा वास सोडतं. आज फाटक्या पानाला तलम जपानी कागदाचा आधार देतात, पाण्याचा अंश होईल तितका कमी ठेवून.

सगळ्यांत वाईट रोग मात्र रद्दीचा. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढे जमिनींचे भाव बोलले गेले, चिमण्या पाडल्या गेल्या. दफ्तरांची किंमत करायला तिथे कोण होतं? याची हळहळ मला अजून वाटते. पुण्यातलं टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज किंवा विक्रोळीतलं, 2006 मध्ये उभं राहिलेलं गोदरेज अर्काइव्ह्ज यांच्यासारखी व्यवस्था वाट्याला आलेली दफ्तरं आपल्याकडे मोजकीच.

आता डिजिटायझेशनची लाट आहे, आणि ती हवीच. पण या वहीला त्यासाठी वेगळं वागवावं लागतं. कागद ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये तिचं पान टिकणार नाही, आणि काचेवर पालथी दाबली तर कणा मोडेल. तिला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या पाळण्यात अर्धवट उघडी ठेवायची आणि वरून कॅमेऱ्यानं टिपायची. प्रत्येक पानामागे कोरा पांढरा कागद सरकवायचा, नाहीतर पुढच्या पत्राची अक्षरं याच पत्रात मिसळतात. दिवे अतिनील किरण न सोडणारे आणि काम होईपर्यंतच लावलेले. चित्र रंगीत हवं. काळ्या-पांढऱ्यात जांभळी शाई आणि कारकुनाची लाल पेन्सिल यांतला भेदच पुसला जातो.

त्या पेन्सिलीसाठी तर मी भांडायला तयार आहे. पुष्कळ वह्यांत पत्राच्या कोपऱ्यात तिनं लिहिलेले दोन बारके आकडे असतात. एक, याच माणसाला आधी लिहिलेल्या पत्राच्या पानाचा. दुसरा, नंतरच्या पत्राच्या पानाचा. आकड्याला आकडा जोडत गेलं की हजार पानांतून एकाच व्यवहाराची साखळी हाती लागते. कंपनीची शंभरी आली, स्मरणिका काढायची ठरली की सूचना हमखास येते: संस्थापकांच्या सहीची, महत्त्वाची तेवढी पत्रं स्कॅन करा. तसं केलं की साखळी तुटते, क्रम जातो, आणि जिची साक्ष कोर्टात चालत होती, तिच्याकडे नुसती चित्रं उरतात. वही पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत टिपली पाहिजे; सुरुवातीची नावांची सूची, कोरी पानं, फाटलेल्या पानाचं खोडसुद्धा. आणि टिपून झाली म्हणून मूळ वही टाकून द्यायची नाही. शाईचा थर, कागदाचा दमटपणा, पेन्सिलीचा दाब हे उद्या कोणाला तपासावंसं वाटेल तेव्हा कॅमेऱ्याची फाइल पुरी पडणार नाही.

शाई पसरलेल्या हस्ताक्षरासाठी संगणकाच्या वाचनावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक चित्राशी तारीख, ज्याला लिहिलं त्याचं नाव, पानाचा आकडा आणि कोपऱ्यातले ते दोन आकडे माणसानं वाचून नोंदवावे लागतात. काम कंटाळवाणं आहे, पैशाचंही आहे. पण ते झालं तर हिच्या एकमार्गीपणावर उपाय सापडतो. गिरण्यांना यंत्रं देणाऱ्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं दफ्तर प्रेस्टनला, लँकेशायरच्या अभिलेखागारात आहे. इथलं जावक तिथलं आवक होतं. दोन्हीकडच्या नोंदी तारखेनिशी झाल्या, तर मुंबईच्या एखाद्या गिरणीनं केलेली तक्रार आणि तिला ओल्डहॅमनं दिलेलं उत्तर एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावून वाचता येईल.