आकडा उतरला, पुढे काय?

२०१७ मध्ये पंजाब, मध्य प्रदेश, केरळ, तेलंगणा आणि महाराष्ट्रातील २५ जिल्ह्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. त्याच्या उपचारक्रमात पहिल्या पायऱ्यांवर एम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन यांसारखी औषधे आहेत. माझ्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या डब्यात हमखास असणारे अटेनोलोल तिथे नाही. ते का मागे पडले, हे मला समजून घ्यायचे होते.

अ‍ॅड्रेनॅलिनचा संदेश स्वीकारणारे पेशींवरील ग्राही दोन प्रकारचे असतात, असे रेमंड अ‍ॅल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले. अल्फा ग्राही रक्तवाहिन्या आवळतात. बीटा ग्राही हृदयाची गती वाढवतात. याच विचारातून जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलोल घडवले आणि १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. बीटा ब्लॉकर हृदयाचा वेग व जोर कमी करतात, अल्फा ब्लॉकर रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्हींनी दाब उतरतो.

परंतु दाब उतरवायचा तो पुढचे संकट टळावे म्हणून. ‘ऑलहॅट’ चाचणीतील डॉक्साझोसिन या अल्फा ब्लॉकरचा गट २००० मध्ये थांबवावा लागला. क्लोरथॅलिडोनच्या तुलनेत त्या गटात हार्ट फेल्युअरचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले होते. २००२ च्या ‘लाइफ’ चाचणीत दाब जवळपास सारखाच उतरला, तरी अटेनोलोलपेक्षा लोसार्टन घेणाऱ्यांत पक्षाघात कमी झाले.

ही माहिती अर्धवट घरी पोहोचली की धोका संभवतो. माझ्या आईला हृदयविकाराच्या झटक्यानंतर मेटोप्रोलोल सुरू आहे. “हे औषध जुने झाले म्हणतात, बंद करू का?” असे तिने एकदा विचारले. झटका सोसलेल्या हृदयावरचा ताण या गोळीने हलका होतो. दाब उतरणे हा त्यातला एक भाग. ती एकाएकी थांबवली तर छातीत कळा येऊ शकतात, प्रसंगी पुन्हा झटकाही. अल्फा ब्लॉकरचेही तसेच: फिओक्रोमोसायटोमा या अ‍ॅड्रेनल ग्रंथीच्या गाठीत आधी तेच द्यावे लागतात, बीटा ब्लॉकर त्यानंतर. हा क्रम उलटला तर दाब भयंकर वाढू शकतो.

सर्वसाधारण रुग्णासाठी आखलेला उपचारक्रम आणि आईच्या हातातील चिठ्ठी ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. मी तिला एवढेच सांगितले, की गोळी चालू ठेव आणि शंका डॉक्टरांना विचार.