गाडीचे गाऱ्हाणे

बदलीच्या नोकरीत घरातील वस्तूंची जी परवड होते, तिच्याविषयी त्या वस्तू कधी तक्रार करीत नाहीत. शिसवी कपाटाचा पाय एखाद्या मालधक्क्यावर मोडतो आणि ते बिचारे पुढली दहा वर्षे एका विटेवर तोल सांभाळून उभे राहते. पितळी पातेली पोचे सोशीत तीन प्रांत पाहून येतात. या मूक परिवारात एकच वस्तू अशी आहे की जी आपले गाऱ्हाणे सांगते. आणि सांगते म्हणजे नुसती कुरकुरत नाही, तर क्रमांक घालून रीतसर लिहून ठेवते. ती म्हणजे मोटारगाडी.

सर्वच गाड्या अशा नव्हेत. ज्या वाचकांच्या वडिलांनी अॅम्बॅसडर किंवा फियाट बाळगली असेल त्यांस आठवत असेल की, त्या काळी बिघाड ओळखणे हे कान, नाक आणि तळहात यांचे काम होते. बोनेट उघडून ड्रायव्हर डोके तिरपे करी, बाकीची मंडळी श्वास रोखून उभी राहत, आणि मग "तेल वर येत नाही" असा काहीतरी निर्णय बाहेर पडे. पुढे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या परिसरात नव्या गाड्यांच्या धुरावर युरोपातील मर्यादा लागू करण्याचा आदेश दिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत कार्ब्युरेटर मागे पडला आणि पेट्रोलचा थेंबन्‌थेंब मोजून देणारा संगणक इंजिनाजवळ येऊन बसला. मोजणारा आला की नोंदी आल्याच. भारत स्टेज चारच्या गाड्यांना २०१० पासून या नोंदींचा पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा सक्तीचा झाला. आमची सेडान त्याच २०१३ सालची.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा जो पिवळा दिवा लागतो, तो मुळात मालकाच्या सोयीसाठी निर्माण झालेला नाही. ही कल्पना कॅलिफोर्नियातील. तेथील धुराने त्रासलेल्या शासनाने १९८८ सालच्या गाड्यांपासून ती लागू केली आणि १९९६ पासून सर्व अमेरिकेत नव्या गाड्यांना एकच पद्धत ठरली. गाडीचा धूर मर्यादेबाहेर जाण्याचा संभव दिसला की तो दिवा लागतो. तात्पर्य, तो आपल्या गाडीत बसविलेला सरकारी माणूस आहे. आमच्या वाचकांस त्याच्याविषयी आपुलकी वाटावी ती यासाठी.

त्याहून जुन्या गाड्यांत हे गाऱ्हाणे वाचण्याची रीत मोठी गमतीची होती. दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडावयाची आणि दिव्याची उघडझाप मोजावयाची. नव्वदच्या दशकातल्या सुझुकी गाड्यांत दिवा एकदा लुकलुकून थांबला आणि मग दोनदा लुकलुकला, म्हणजे बारा. आणि बारा याचा अर्थ, बिघाड काही नाही. दरमहा 'निरंक' असे विवरणपत्र धाडणाऱ्या कचेऱ्यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांस या बाराचे मर्म समजावून सांगावयास नको. काही सांगण्यासारखे नाही हेही सांगावेच लागते.

आता काम सोपे झाले आहे. आमच्याजवळ काड्यापेटीएवढे एक यंत्र आहे. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या जरा वर, सोळा छिद्रांची एक खाच असते. तीत ते खोचले आणि किल्ली फिरवली की गाडीचे म्हणणे मोबाइलच्या पडद्यावर उमटते. आमच्या सौ. यास नाडीपरीक्षा म्हणतात. "अहो, गाडीची नाडी पाहून झाली असेल, तर स्वयंपाकघरातला नळही पाहा," असे त्या दर रविवारी सुचवितात. नळाला सोळा छिद्रांची खाच नसते, हे आमचे उत्तर त्यांस पटत नाही.

पडद्यावर जो संकेत येतो त्याची घडण जावक क्रमांकासारखी असते. आधी एक अक्षर: पी म्हणजे इंजिन व गिअर यांचे खाते, सी म्हणजे ब्रेक आणि चाके यांचे, बी म्हणजे दारे, एअरबॅग इत्यादींचे, आणि यू म्हणजे या खात्यांचा आपसांतला पत्रव्यवहार. (अनुभवी वाचकांच्या मनात आले असेल की, खरे बखेडे या शेवटच्या सदरातच असावयाचे.) त्यानंतरचा अंक शून्य असेल तर संकेत सर्व कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा घरगुती. पुढला अंक विभाग दाखवितो: एक-दोन म्हणजे हवा आणि इंधन, तीन म्हणजे ठिणगी, चार म्हणजे धुराची व्यवस्था. शेवटचे दोन अंक प्रत्यक्ष गाऱ्हाण्याचे.

जबलपुरास असताना, दिवाळीच्या सुमारास, आमच्या गाडीचा दिवा लागला आणि यंत्राने वाचले: पी ०१७१. मिश्रण पातळ.

एक भाग पेट्रोल नीट जळावयास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. धुराच्या नळीत बसलेला ऑक्सिजन सेन्सर जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन किती शिल्लक राहिला ते पाहत असतो. शिल्लक जास्त दिसली की तो संगणकास कळवितो, आणि संगणक पेट्रोल थोडे वाढवितो. या वाढीची टक्केवारीही पडद्यावर दिसते. तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. दोन-चार टक्के इकडेतिकडे ही नित्याची बाब. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉलच्या अंगीच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या गाडीचा हा आकडा आधीच थोडा वर सरकलेला असतो. पण तो वाढत वाढत पंचविसाच्या घरात गेला की संगणक हात टेकतो आणि नोंद करतो. तीही एकदम नव्हे. पहिल्या वेळी नोंद कच्ची राहते. पुढल्या फेरीत तीच गोष्ट पुन्हा दिसली तर ती पक्की होते आणि दिवा लागतो. पुढे सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर दिवा आपोआप विझतो, आणि इंजिन चाळीस वेळा थंडाचे गरम होईतो दोष पुन्हा दिसला नाही तर नोंदही पुसली जाते. ही उदारता आमच्या सेवापुस्तकास माहीत नाही.

शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या भिंतींच्या वर्कशॉपमध्ये आम्ही गाडी नेली. तेथील तरुणाने आपले यंत्र लावले, आमच्याच यंत्राने सांगितलेला संकेत वाचला आणि क्षणाचाही विचार न करता म्हटले, "सर, ऑक्सिजन सेंसर बदलना पड़ेगा।" खर्च आठ हजारांच्या वर. आम्ही विचारले, सेन्सर खोटे सांगतो हे कशावरून? तो म्हणाला, कोड त्याच्याच नावाने आला आहे. वास्तविक संकेतात सेन्सरचे नावही नव्हते. मिश्रण पातळ आहे, एवढेच त्यात होते. आणि ते ज्याने कळविले त्यालाच काढून टाकण्याचा हा प्रस्ताव होता. आम्ही गाडी घेऊन परत आलो.

संकेताबरोबर गाडी आणखी एक कागद जपून ठेवीत असते, आणि घाईच्या माणसाला तो उघडून पाहावासा वाटत नाही. नोंद झाली त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, वेग किती, पाणी किती तापलेले, ट्रिम किती, असा तो पंचनामा असतो. आमच्या गाडीचा पंचनामा सांगत होता: वेग शून्य, फेरे साडेसातशे, पाणी ९१ अंश. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असताना हे घडले होते. मग आम्ही अंगणात गाडी चालू करून आकडे पाहत बसलो. उभ्या गाडीत ट्रिम २३. अडीच हजार फेऱ्यांवर नेली की ६. पेट्रोलचा पंप थकला असता तर ओढ वाढल्यावर आकडा वाढला असता. येथे उलट होते. याचा अर्थ, मोजणीच्या नाक्याला चुकवून कोठून तरी थोडी हवा आत शिरत होती. इंजिन मंद चालते तेव्हा एकंदर हवाच थोडी, म्हणून ही चोरी मोठी दिसते; जोरात चालले की ती हिशेबात बुडून जाते. (जकात नाके आता उरले नाहीत, पण ते चुकविण्याची विद्या हवेने टिकवून धरली आहे.)

गोरखपूर भागात एका आंब्याखाली बसणारे वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांच्याजवळ स्कॅनर नाही. आम्ही आकडे सांगितले. ते त्यांनी ऐकून घेतले, एवढेच. मग हातभर रबरी नळीचे एक टोक कानाला लावले आणि दुसरे इंजिनावरून सावकाश फिरवीत राहिले. पाचएक मिनिटे गेली असतील. इनटेक मॅनिफोल्डच्या मागल्या बाजूस, बोट जेमतेम पोहोचेल अशा वळणावर, ते थांबले आणि नळी त्यांनी आमच्या कानाला लावली. आत बारीक सीत्कार ऐकू येत होता. "हवा ले रही है, साहब।" बारा उन्हाळे सोसलेली एक रबरी नळी वळणाच्या पोटात चिरली होती, वरून पाहणाऱ्यास ती धडधाकट दिसे. नवी नळी आणि मजुरी मिळून त्यांनी तीनशे रुपये घेतले. चौथ्या दिवशी दिवा विझला. सेन्सर आजही तोच आहे.

याच दिवसांत आमच्या टेबलावर एक फाइल होती. एका भांडारपालाने तीन महिन्यांत तीनदा लेखी कळविले होते की, येणारा माल चलनापेक्षा कमी भरतो. त्याची तिन्ही पत्रे खाली लावलेली होती आणि वर प्रस्ताव होता त्याच्या बदलीचा, 'वारंवार तक्रारी करणारा' म्हणून. आम्ही शेरा लिहिला की, माल वाटेत ज्या ज्या ठिकाणी तोलला जातो तेथील तिन्ही महिन्यांची वजने आधी मागवावीत. वजने यावयाची होती. दरम्यान बदलीचा एक आदेश निघाला खरा. तो आमचा होता. योगायोग म्हणावयाचा. भांडारपाल अद्याप आपल्या जागेवर आहे, असे परवाच्या पत्रावरून समजते.

तर, भुवनेश्वर. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर नवी नोंदणी, नवा कर, ना-हरकत दाखला; आणि पंधरा वर्षांच्या नोंदणीपैकी बारा सरलेल्या गाडीसाठी एवढी यातायात परवडणारी नव्हती. खात्यातच नव्याने आलेला साताऱ्याकडचा एक तरुण गाडी घेण्यास उत्सुक होता. नेमका त्याच आठवड्यात दिवा पुन्हा लागला. या वेळी पी ०४२०. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अशक्त झाला होता. त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा मुलामा असतो. तेव्हा नव्याची किंमत काय असेल, ते सांगत बसत नाही. मात्र हा संकेत वाचल्यावर आम्ही पुन्हा नळ्या, गळती, दोन्ही सेन्सरांचे आलेख, सारे तपासले. या खेपेस गाऱ्हाणे जसे लिहिले होते तसेच खरे होते.

यंत्रात एक बटण असते. ते दाबले की संकेत, पंचनामा, दिवा, सर्व काही एका क्षणात नाहीसे होते. एका स्नेह्याने तेच सुचविले: "पुसून टाका आणि किल्ली द्या. पुन्हा लागेल तेव्हा तुम्ही ओडिशात." हा सल्ला या देशात रोज कितीतरी अंगणांत पाळला जात असेल. पण पुसणाऱ्यास सहसा ठाऊक नसते की, नोंदींबरोबर गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांचे निकालही पुसले जातात. कन्व्हर्टर, सेन्सर, इंधनाची वाफ, या प्रत्येकाची तपासणी गाडी चालता चालता करीत असते. पुसल्यावर त्यांतील बहुतेकांपुढे 'अपूर्ण' असा शेरा येतो, आणि तो निघावयास काही दिवस गाडी हिंडवावी लागते. जाणता गिऱ्हाईक दिव्याकडे पाहत नाही, हा शेरा पाहतो. दप्तर कोरे आहे, म्हणजे ते कोणीतरी नुकतेच कोरे केले आहे.

तो तरुण जाणता नव्हता. त्याला बटण ठाऊक नव्हते, शेराही नव्हता. त्याने दिवा पाहिला असता आणि तो विझलेला दिसला असता तर समाधान मानून पैसे मोजले असते. दीड वर्षाच्या मुलीला मागल्या आसनावर उभी करून ती खिडकीतून कशी पाहील, याचीच त्याची पाहणी चालली होती. आम्ही यंत्र लावले, पडदा त्याच्यापुढे धरला आणि पी ०४२० म्हणजे काय ते सांगितले. गाडी चालेल, पण धुराच्या दाखल्याला एखादे दिवशी अडेल, आणि तेव्हा एवढा खर्च येईल. तो ऐकून गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी वडिलांना दूरध्वनी करून आला आणि आमच्याच आकड्यावर बोट ठेवून त्याने बत्तीस हजार रुपये कमी केले. कमी करताना "काका, राग मानू नका" असेही म्हणाला. सौ.ने त्याला चहा दिला, त्याच्या मुलीला लाडू दिला, आणि तो गेल्यावर आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिला कोणताही संकेत-क्रमांक नाही.

यंत्रही त्याने मागितले होते; ते मात्र आम्ही दिले नाही. येथे आल्यावर चौथ्याच संध्याकाळी शेजारचे ओडिया गृहस्थ आपली जुनी सेडान घेऊन दारात आले. दिवा लागला होता. आम्ही यंत्र लावले. पी ०१२८: थर्मोस्टॅट उघडाच राहत असावा, त्यामुळे इंजिन ठरलेल्या वेळात पुरेसे तापत नाही. बाहेर वैशाखातले ऊन होते, पायांखालचे डांबर मऊ झाले होते, आणि गृहस्थ रुमालाने मान पुसत विचारीत होते की, भुवनेश्वरात इंजिन तापत नाही असे तुमचे यंत्र म्हणते काय? आम्ही म्हटले, यंत्र म्हणत नाही, गाडी म्हणते. त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.