दोन बोटांची फट

गेल्या रविवारी पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. जानेवारीत तो, त्याची बायको आणि दोन्ही मुलं कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन किन्नौरमार्गे स्पितीला निघाली आहेत. बेत सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "दादा, गाडीत डिझेल हीटर आहे. रात्रभर चालू ठेवून झोपलो तर चालेल ना?"

"नंतर बोलतो," एवढंच म्हणालो. हो किंवा नाही म्हणून भागण्यासारखा प्रश्न नव्हता तो. म्हणून आज इथेच लिहितोय.

मी तेव्हा नवा कॅप्टन होतो. लेहहून चांग ला ओलांडून तांगत्सेकडे आमचा कॉन्व्हॉय निघाला होता. झिंगरालच्या पुढे, साधारण १६,००० फुटांवर, बर्फाने रस्ता बंद झाला. मागेही गाड्या अडकलेल्या. डोझर सकाळीच येणार, असं कळलं. रात्र गाड्यांमध्येच काढायची होती.

जवान स्टॅलियनमध्ये. मी, ड्रायव्हर आणि रेडिओ ऑपरेटर असे तिघे जिप्सीत. बंद केलं तर पहाटे इंजिन चालू होईलच याची खात्री नव्हती, म्हणून ते चालू ठेवलं आणि हीटरही लावला. ड्रायव्हरने आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली ठेवली होती. त्या फटीतून वारा सुईसारखा आत यायचा. थोडा वेळ सोसलं, मग म्हणालो, "शीशा बंद करो यार."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "साहब, थोड़ा खुला रखते हैं."

"बंद करो."

त्याने काच बंद केली.

तासाभराने माझं डोकं दुखायला लागलं. ऑपरेटरला मळमळत होतं. मी त्याला शहाणपण शिकवलं : हाइट आहे, पाणी पी, बोलू नकोस. उंचीवर डोकं दुखणं, मळमळणं, गळून गेल्यासारखं वाटणं नवीन नसतं, म्हणून कोणालाच संशय आला नाही. मग छान ऊब आली. ड्रायव्हरची मान पुढे कलली. दमलाय बिचारा, असं वाटलं. मलाही सुखाची झोप येत होती.

सुभेदार साहेब दर तासाला सगळ्या कॉन्व्हॉयवर चक्कर मारत होते. त्यांनी काचेवर टकटक केली. आतून कोणी हललं नाही, तेव्हा त्यांनी दार ओढून उघडलं आणि आम्हाला एकेक करून बर्फात बाहेर काढलं. मी गुडघ्यावर बसून ओकलो. ड्रायव्हर मात्र हाक मारून उठेना. पुढच्या गाडीतून नर्सिंग असिस्टंट ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन धावत आला. ड्रायव्हरने डोळे उघडेपर्यंतचा वेळ मी घड्याळात पाहिला नाही. आजही तो मोजता येत नाही.

वाऱ्याने उडालेला बर्फ जिप्सीच्या मागे साचला होता आणि सायलेन्सरचं तोंड त्याच्या आत गेलं होतं. धूर बाहेर जायचा तो गाडीखाली कोंडला आणि फटींमधून आत शिरला. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. आणि त्या उंचीवर प्रत्येक श्वासात ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरासाच जास्त असतो.

सुभेदार साहेबांनी जवानांसमोर काही विचारलं नाही. बाजूला नेऊन एवढंच म्हणाले, "साहब, ठंड आदमी को जगाए रखती है." दुसऱ्या दिवशी सीओंसमोर मी सांगितलं, काच बंद करायला मीच लावली होती. सांगताना जड गेलं, पण त्याहून जड वेगळंच होतं. ड्रायव्हरला माहीत होतं. त्याने सांगितलंही होतं. खडकवासल्यात तीन वर्षं मी हुकूम द्यायला आणि पाळायला शिकलो. त्या रात्री त्याने हुकूम पाळला आणि माझा हुकूम चुकीचा होता.

त्यानंतर ज्या ज्या पोस्टवर गेलो, तिथे झोपण्यापूर्वी बुखारी विझली का हे स्वतः पाहत आलो. जवान हसतात. हसू देत.

तर भाऊराया, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझा हीटर जिप्सीपेक्षा शहाणा आहे. तो बंद डब्यात डिझेल जाळतो, हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो आणि पंख्याने फक्त गरम हवा आत देतो. पण धुराच्या पाइपाचा जोड ढिला झाला किंवा तोंडाशी बर्फ साचला, तर शहाणपण संपलं. काझा १२,००० फुटांच्या वर आहे. विरळ हवेत डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते. उंचीसाठी वेगळी सेटिंग आहे का, ते गाडीवाल्याला विचार. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेतल्याशिवाय निघू नकोस आणि तो झोपायच्या जागेजवळ लाव. ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटवायची नाही. झोपण्यापूर्वी गाडी गरम कर, मग हीटर बंद कर आणि चांगल्या स्लीपिंग बॅगमध्ये शिरा. काच दोन बोटं उघडी ठेव. आणि दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर आधी सगळ्यांना बाहेर काढ. उंचीमुळे की गॅसमुळे, याचा विचार बाहेर उभं राहून कर.

हे सगळं काल रात्री फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अरे, पण मग मुलांना थंडी वाजेल ना?"

वाजू दे. थंडी वाजतेय म्हणून पहाटे तुला उठवतील, एवढंच.