जर्मन सिल्व्हर

भाचीच्या दोन्ही कानांच्या पाळ्या सुजून लाल झाल्या होत्या, आणि कानातलं मी केलेलं होतं.

टेराकोटाचं. माती मळणं, भाजणं, रंगवणं, सगळं माझंच. हूक तेवढे बाजारातून आणलेले. दुकानदार म्हणाला, "जर्मन सिल्व्हर आहे ताई," आणि मी त्यातलं सिल्व्हर तेवढं ऐकलं. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल.

निकेल मला नवं नव्हतं, हीच तर लाज. कॉलेजात असताना जीन्सच्या बटणाखाली, बेंबीजवळ, चट्टा उठायचा. पुढे एक ग्रॅमची ठुशी घातली की दुसऱ्या दिवशी गळा खाजवत बसायची. शेवटी डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवस पाठ भिजवायची नाही म्हणाल्या. निकेलच्या चौकोनाखाली बारीक पुरळ आलं. घामानं धातूतून निकेल सुटतं आणि कातडीत उतरतं. शरीरानं एकदा डूख धरला की सहसा जन्मभर सोडत नाही.

म्हणून तर मी दागिने करायला लागले. मातीचे मणी, रेशमाचा दोरा, मागे गोंडा. मानेला धातू लागायचाच नाही. कानात मी स्वतः काही घालतच नव्हते, त्यामुळे हुकांचा विचारही केला नाही. भाचीचे कान तर नुकतेच टोचलेले. ओल्या जखमेत मी निकेल घालून दिलं होतं.

निकेल तपासायचं एक द्रावण मिळतं, डायमिथिलग्लायॉक्झिमचं. कापसाच्या काडीवर दोन थेंब घेऊन धातूवर घासायचं. निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. रात्री माझ्या डब्यातला एकेक हूक घासून पाहिला. गुलाबी. पुन्हा गुलाबी. एरवी किती आवडता रंग! युरोपात दागिन्यांतल्या निकेलवर १९९४ सालीच मर्यादा घातली गेली. माझ्या पाकिटावर धातूचं नावसुद्धा नव्हतं, आणि मी ते विचारलंही नव्हतं.

टायटॅनियमचे हूक मागवले. महाग पडले. मग वही काढून ज्यांना ज्यांना कानातली विकली होती त्यांना फोन लावत बसले. बहुतेकींना काही झालं नव्हतं. एक बाई मात्र हसल्या. "अहो, मला वाटलं माझेच कान नाजूक. मी तर हुकाला नेलपॉलिश लावून घालते."