हलता हात

गेल्या हळदीच्या हंगामात माझ्या पट्ट्यांवरचे एक आणि नऊ एकमेकांत मिसळायला लागले. देवनागरीत या दोन आकड्यांत फरक तो केवढा, शेपूट कुठे वळवायची एवढाच. पण भावातल्या शेकड्याच्या घरात तोच फरक क्विंटलमागे आठशे रुपयांचा होतो. हिंगोलीच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम म्हणून माझी उमर गेली. बाहेर कांडी हळदीची पोती, हमालांची हाळी, हवेत पिवळी धूळ, आणि गादीवर बसून मी वजन, भाव, हमाली, तोलाई मांडतोय. शेतकरी पट्टी हातात घेतो, उजेडाला धरून बघतो आणि घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो. लावणी, काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश असं सगळं धरलं तर त्या चिठोऱ्यावर त्याचं अख्खं वर्ष मांडलेलं असतं. तिथं अक्षर हलून चालत नाही.

हात तसा बऱ्याच वर्षांपासून हलतो. पण तो बोटांपुरता होता, शोधला तरच दिसणारा. मी लिथियमची गोळी घेतो. तिशीच्या आसपास माझं मन दावणीचं सुटलं होतं. रात्र रात्र झोप नको, पहाटे चारला लोकांची दारं वाजवायची, उधारीवर बैलजोड्या घ्यायच्या गोष्टी करायच्या (आम्हाला शेत नाही), आणि काही महिन्यांनी याच माणसानं भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. घरच्यांनी आधी देवऋषी केले, मग नांदेड गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी बायपोलर हा आजार सांगितला आणि गोळी सुरू केली. हळूहळू मन जागेवर आलं. हात मात्र जागचा सुटला.

लिथियम हा सगळ्यांत हलका धातू. विश्व जन्मलं तेव्हा पहिल्या काही मिनिटांत जी मोजकी मूलद्रव्यं तयार झाली, त्यांत याचाही अंश होता. उन्मादाच्या आजारात त्याचा गुण येतो हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरनं १९४९ साली मांडलं. गोळी जुनी आणि तशी स्वस्त, पण तिचा हिशोब सोन्याच्या काट्यावरचा. रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान हवं. त्याच्या खाली गुण नाही, आणि १.५ च्या वर विषबाधेची भीती. आडतीवर इतक्या कमी फरकावर धंदा करणारा व्यापारी मी पाहिलेला नाही.

या थरथरीची एक खोड आहे. हात मांडीवर ठेवला की ती गप्प असते. काही धरायला, उचलायला, लिहायला गेलं की सुरू. कंपवातात सहसा उलटं होतं, हात मोकळा असताना जास्त हलतो. हे लोकांना कुठून माहीत असणार? कुणी खाजकुयलीच्या बिया आणून दिल्या. त्यांत कंपवातावरच्या औषधातलं द्रव्य असतं हे खरंच, पण माझा हात कंपवाताचा नाही, गोळीचा आहे. चार लोकांत बसलं की आणखी पंचाईत. ‘नीट लिही’ असं मनाशी म्हटलं की हात हमखास जास्त हलतो. बँकेत सही जुळत नाही. रांगेत मागे माणसं उभी, समोर साहेब जुन्या सहीचा नमुना बघतोय, आणि आपण आपलंच नाव चोरल्यासारखं लिहायचं. शेवटी मी अंगठा दिला. आकडेमोड करून पोट भरलेल्या माणसाला अंगठ्याची शाई किती चिकट असते ते तेव्हा कळलं.

मोंढ्यातल्यांनी मात्र निदान कधीच करून टाकलं होतं. ‘मुनीमजी, रात्री जास्त झाली का?’ सकाळी हात हलणारा माणूस म्हणजे दारू, यात कुणाला शंका नव्हती. खरं सांगतो, पहिली काही वर्षं मी हसून मान डोलावली. जन्मात थेंब घेतला नाही, तरी दारुड्याचं नाव लावून घेतलं. कारण खरं सांगायचं तर गोळीचं नाव सांगावं लागणार, आणि गोळी कशाची ते सांगितलं की रोकड मोजायला कुणी देणार नाही. आमच्याकडे दारूला माफी आहे, डोक्याच्या औषधाला नाही. दारुडा घरोघरी असतो, त्याचे किस्से होतात, तो सुधारला की हारतुरे मिळतात. गोळी घेऊन वीस-पंचवीस वर्षं सरळ चाललेल्या माणसाचा किस्सा होत नाही. मन सैरभैर होतं तेव्हा लोक म्हणायचे, काय हुशार बोलतो. ते ठिकाणावर आल्यावर हात दिसला.

मराठवाड्याला हलणं नवीन नाही. किल्लारीची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीच्या अंगात अजून आहे. आमच्या जिल्ह्यातही जमीन अधूनमधून दार वाजवून जाते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात जमिनीखालून गूढ आवाज येतात हे पेपरात सारखं छापून येतं. १० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. भांडी वाजली, गल्ली रस्त्यावर आली. ही बाहेरून ओरडतेय, ‘अहो, या की बाहेर!’ आणि मी बशीतला चहा हिंदकळताना बघत घरात बसलेलो. म्हटलं, आज गोळी जास्तच लागलीय.

आणि याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांच्या टोकांना आरसे, मधून लेझरचा किरण. कुठे तरी अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याची लाट इथून जाताना भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाइतकी बदलते, ती मोजायची. पहिली लाट अमेरिकेतल्या वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पकडली. इतकं बारीक हलणं टिपायचं तर जागा शांत हवी, म्हणून बऱ्याच ठिकाणांतून आमचा माळ निवडला. ट्रक गेला तरी यंत्राला कळतं म्हणे. भूकंपाच्या जिल्ह्यात शांततेचं यंत्र, यावर मोंढ्यात भरपूर थट्टा झाली. मला मात्र पेपरातली दुसरीच गोष्ट आवडली. जमीन थांबेल याची शास्त्रज्ञ वाटच बघत नाहीत. ती हलणारच असं धरून ते चाळीस किलोचा आरसा एकाखाली एक असे चार लोलक करून टांगतात, म्हणजे खालचा हादरा वरून झिरपत आरशापर्यंत पोचता पोचता संपतो. शिवाय जे हलणं उरतं ते मोजून हिशोबातून वजा करतात.

मुनिमाला वजाबाकी समजते. मी कोपर टेबलावर टेकवायला लागलो, मनगट वहीच्या कडेला. बारीक टोकाच्या पेनाऐवजी जाड, वजनदार पेन घेतलं. बशी सोडली, पितळी पेला अर्धाच भरून घ्यायचा, दोन्ही हातांनी धरायचा. गोळी घेतल्यावर काही तासांनी रक्तातलं प्रमाण चढतं आणि हातही तेव्हाच जास्त हलतो, म्हणून डॉक्टरांना विचारून सगळा डोस रात्रीवर नेला, थरथर झोपेत जाते. थरथर कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी काहींना देतात. मला दमा, म्हणून ती बाद. चहा कमी केला, तोही बेतानं, कारण चहा-कॉफी एकदम तोडली तर लिथियम वाढू शकतं. एवढ्यावर बरं चाललं होतं.

गेल्या उन्हाळ्यात ही वजाबाकी चुकायला लागली. आकडे मिसळले, मग घास तोंडाजवळ येऊन सांडायला लागला, मग चालताना पायही नीट पडेनात. थरथर आता बारीक राहिली नव्हती, हात झटके देत होता. हिला वाटलं वय झालं. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, ती गोळीच बंद करून बघा. नांदेडला गेलो तर डॉक्टरांनी हाताकडे एकदा पाहिलं आणि भलतेच प्रश्न विचारले. घाम किती येतो? पाणी किती पिता? मीठ कमी केलंय का? गुडघे दुखतात का? शेवटच्या प्रश्नावर हिनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ‘ही बघा, मेडिकलवरून आणतात. मोंढ्यात सगळेच खातात.’ डॉक्टर म्हणाले, बाकीच्यांना चालेल, यांना नाही.

रिपोर्ट १.४ आला. मूत्रपिंडाला लिथियम आणि मिठातलं सोडियम नीट वेगळं करता येत नाही, असं त्यांनी समजावलं. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की ते सोडियम राखून ठेवतं, आणि त्याच्या जोडीनं लिथियमही. मे महिन्यातला आमच्याकडचा घाम, त्यात रक्तदाबाच्या धास्तीनं अळणी केलेली भाजी, वर एकादशीचा उपास, वर दुखण्याची गोळी. ती गोळी तर लिथियमची बाहेर जायची वाटच अरुंद करते. एकेकटं चाललं असतं, सगळे एकदम आले. डोस काही दिवस थांबवून मग कमी केला, पुन्हा रक्त तपासलं, मूत्रपिंड आणि थायरॉइडही बघितलं. हात पूर्वीच्या जागेवर आला. म्हणजे हलतोच, पण ओळखीचा हलतो.

परतल्यावर पट्ट्या छापायला आडतीवर संगणक आला. मालकानं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी आता भाव मोठ्यानं वाचतो, पोरगा टाइप करतो. आणि एक बदल मी माझ्याकडून केला. कुणी रात्री जास्त झाली का म्हणालं की सांगतो, दारू नाही, डोक्याच्या आजाराची गोळी आहे, तिनं हात हलतो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा गादीवरचे चौघं एकदम गप्प झाले आणि कुणी तरी पंखा वाढवायला उठलं. रोकड अजून माझ्याकडेच आहे. थट्टा थोडी कमी झाली, तिचीही कधी कधी आठवण येते.

परवा सेनगावकडचा एक शेतकरी पट्टी घेऊनही हलेना. गर्दी पांगल्यावर जवळ सरकला.

‘मुनीमजी, आमच्या मंडळीलाबी तीच गोळी हाय. आता लई हात हलायलाय. बंद करावं म्हणलं.’

‘बंद नका करू. आधी डॉक्टरला दाखवा, रक्त तपासा. दुखण्याची गोळी खाते का?’

‘न्हाई.’

‘उपास?’

‘एकादशी. ती न्हाई सोडायची ती, नर्सीची वारी हाय तिची.’

‘वारी करू द्या. उपासाला मीठ सोडते?’

‘पार अळणी.’

‘तिला म्हणावं सैंधव घाल, रोज मीठ असतं तेवढंच. आणि पाणी पी.’

तो विचारात पडला. ‘सैंधव चालतं का उपासाला?’

‘देवाला चालतं,’ मी म्हणालो, ‘डॉक्टरलाही चालतं. तरी उद्याच नांदेडला न्या.’