हळदीकुंकू बदक

मंडळी, आपल्याकडे एका रानबदकाचं नावच 'हळदीकुंकू' आहे. काळी चोच, तिच्या टोकाला हळदीसारखा पिवळा रंग आणि मुळाशी कुंकवाचे दोन लाल ठिपके. आमच्या दुधनीत निम्मी बोली कन्नड. शेजारणीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे अरिशिण-कुंकुम की हो बाई!" सोलापूरचे मारुती चितमपल्ली 2025 साली गेले. पक्ष्यांची अशी लोकांच्या तोंडची नावं त्यांनी कोशात जपून ठेवली.

थंडीत तलवार बदक, थापट्या वगैरे पाहुणे येतात आणि जातात. हे मात्र इथलंच, बारमाही. कुरनूर धरणावर मी पाहिलंय.

फॉर्स्टर यांनी 1781 साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, तेही ठिपकेदार चोचीवरूनच. चीन-जपानकडे त्याचा एक भाऊबंद आहे. त्याला हळद आहे, कुंकू नाही! 1866 साली स्विन्हो यांनी त्याला वेगळं नाव दिलं, पण पुढे बरीच वर्षं तो आपल्याच बदकाची उपजात मानला गेला. मग हाँगकाँगच्या बाजूला दोन्ही बदकं एकाच भागात पिल्लं काढताना दिसली, आणि तरीही बहुतेक जोड्या आपापल्यातच जमत होत्या. तेव्हा कुठे त्यांना दोन जाती मानलं. म्हणजे नुसतं कुंकू नाही म्हणून कुणी त्याला वेगळं काढलं नाही; कोण कोणाबरोबर नांदतं तेही पाहिलं.

आणखी एक गंमत. हे कुंकू ठळक असतं ते नराला. मादीला पुसट, किंवा नसतंच. म्हणून थव्यातून तिला कुणी बाहेर काढत नाही.

आमचे हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला गल्लीतल्या बायका आमच्या दारावरून पुढे गेल्या. त्यातल्या दोघी माझ्याच हाताखाली शिकलेल्या. कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं 2022 साली विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो पेपरात वाचून मी कात्रण ठेवलं. आमच्या गल्लीत काही ठराव झाला नाही.

यंदा सूनबाई घरी हळदीकुंकू करणार आहे. "आई, तुम्ही बाहेर बसायचं, आत नाही," म्हणाली. मी बसणार आहे, आणि वाणही मीच वाटणार आहे. नातेवाईक हे वाचतात म्हणून इथेच लिहिते. ज्यांना चालणार नाही त्यांनी आधी कळवावं, तिळगूळ घरी पाठवून देईन.