निवडणं, सोलणं, वाटणं

टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धांमधली मला सगळ्यात आवडणारी फेरी फोडणी पडण्याच्या आधीची. पदार्थाचा अजून पत्ता नसतो. समोर सोलायचा, चिरायचा, फेटायचा ढीग असतो आणि घड्याळ उलटं धावत असतं. अमेरिकेत 2006 साली सुरू झालेल्या ‘टॉप शेफ’नं तर या पूर्वतयारीची रिले शर्यतच करून टाकली. 2008 मध्ये गाजलेल्या अशा एका शर्यतीत पहिल्यानं संत्री सोलून पांढरी साल न राहू देता फोडी काढायच्या, दुसऱ्यानं आर्टिचोकचे काटेरी कळे साफ करायचे, तिसऱ्यानं मंकफिश नावाचा मासा काट्यावेगळा करायचा आणि चौथ्यानं मेयॉनीज हातानं फेटून घट्ट करायचं, असा क्रम होता. आधीच्याचं काम पास झाल्याशिवाय पुढच्यानं हात लावायचा नाही. आपल्याकडे ‘मास्टरशेफ इंडिया’ 2010 साली स्टार प्लसवर आला आणि ओट्यासमोरचं हे घड्याळ घराघरांत ओळखीचं झालं.

अशी फेरी पाहताना मला माझं गांधीबागेतलं माहेर आठवतं. या कामांत तरबेज असलेले हात मी तिथे पाहिले. त्यांच्यासमोर घड्याळ नव्हतं, परीक्षक नव्हते आणि टाळ्याही नव्हत्या.

तेव्हाची गांधीबाग म्हणजे कापडाची गांधीबाग. ठोक बाजारात गठाणी उतरायच्या, हातगाड्या आणि सायकलरिक्षे एकमेकांत अडकायचे आणि दुकानांच्या मागच्या गल्ल्यांत आमच्यासारख्यांची घरं असायची. जरा पलीकडे इतवारी आणि मस्कासाथ, म्हणजे धान्य आणि किराणा. मूर्ती घडवणारी चितार ओळ जवळच, आणि दुसऱ्या अंगाला महाल. सणाचं सामान आणायला कुणाला गाडीत बसून जावं लागत नसे. बाबा सायकलच्या हँडलला पिशव्या अडकवून मस्कासाथेतून डाळ-गूळ आणायचे. खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं.

आमच्या नागपुरात भाद्रपदातल्या महालक्ष्म्या म्हणजे घरातली सगळ्यात मोठी परीक्षा. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि महानैवेद्य, मूळ नक्षत्रावर विसर्जन. पूजनाच्या दिवशी पुरणपोळी, ज्वारीची आंबील, कढी, वडे, चटण्या, कोशिंबिरी आणि सोळा भाज्यांची भाजी. या सोळा भाज्या निवडायला आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका आमच्या माजघरात जमायच्या. उद्या त्यांच्याकडेही हाच पसारा असायचा, म्हणून आमचं आटोपलं की सगळ्या उठून शेजारच्या घरी जायच्या. कुणाकडून कुणाकडे हे ठरलेलं असे. बोलावणं करावं लागत नसे.

वाटणी न सांगता व्हायची. नजर तेज असलेली काकू मेथी आणि शेपू निवडायला. गवारीच्या शिरा काढायला आम्ही मुली, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नसे. कोहळं फोडायला मात्र आत्याच लागायची. विळीच्या पाटावर पाय रोवून ती अशा बेतानं दाब द्यायची की, फोड पात्यावरून सरळ खाली यावी. कोथिंबीर, आमचं सांबार, निवडायचं काम सगळ्यात शेवटी, म्हणजे पूजेपर्यंत ते कोमेजत नसे.

धोप्याची, म्हणजे अळूची, पानं हा आजीचा प्रांत. पान उलटं पाटावर ठेवायचं, मधली जाड शीर विळीच्या टोकानं तासून पानाच्या बरोबरीला आणायची, मग लाटणं हलकंसं फिरवून बाजूच्या शिरा दाबायच्या. पान कुठेही फाटू द्यायचं नाही. फाटलं की बेसन लावून गुंडाळी करताना तिथूनच सारण बाहेर येतं. हाताला खाज सुटू नये म्हणून आधी बोटांना चिंचेचा कोळ. मोठी पानं खाली, लहान वर, आणि टोकांची दिशा आलटून-पालटून. आजी नजर वर न करता गप्पा मारायची आणि पानं एकापाठोपाठ एक तयार होऊन बाजूला रचली जायची. एखादी नवी सून अडखळली की, आजी एवढंच म्हणायची, “घाई कशाला करून राहिली बापा? दे इकडे, पाहून घे एकदा.” मग दोन पानं तिच्यासमोर सावकाश करून दाखवायची आणि तिसरं तिच्याच हातात द्यायची.

टीव्हीवरचा शेफ संत्र्याशी झुंजताना पाहिला की, मला आजीचे अंगठे दिसतात. आमचं नागपुरी संत्रं सालीला सैल, सोलायला सोपं. कसब लागतं ते त्यापुढे. फोडीच्या पाठीवरचे पांढरे दोरे काढायचे, आतल्या कडेला नखानं चीर द्यायची, पापुद्रा दोन बाजूंना उलगडायचा, बिया टिपायच्या, आणि गराचा एकही कण फुटू द्यायचा नाही. घरात कुणी आजारी असलं की, असा गर वाटीभर काढून आजी त्याच्या उशाशी ठेवायची. परदेशी स्पर्धेत ज्या कौशल्याला गुण मिळतात, ते आमच्या घरी आजारपणाच्या सेवेत खर्ची पडत होतं.

असे न दिसणारे हात आणखीही होते. सावजी जेवणाचं मूळ याच परिसरातलं. हलबा कोष्टी समाजाचे विणकर महाल, इतवारी, तांडापेठ, गोळीबार चौक या भागांत पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालवत. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात 1877 साली सुरू झाली. पुढे गिरण्यांच्या आणि मग यंत्रमागाच्या कापडापुढे हातमागावर पोट भरेना, तेव्हा यातल्या अनेक घरांनी आपल्या चुलीवरचं तिखट जेवण लोकांना वाढायला घेतलं. त्या घरांतल्या बायका मागासाठी कांड्या भरायच्या आणि जेवणासाठी मसाला वाटायच्या. लुगडं विणकराच्या नावानं विकलं गेलं, रस्सा भोजनालयाच्या नावानं. दोन्हींची पूर्वतयारी त्यांची होती.

सावजी मसाल्याचं वाटण मी जवळून पाहिलं ते शेजारच्या मावशींकडे. धणे, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, मसाला वेलची, लवंग, मिरी, तेजपान, लाल मिरच्या, आणि रश्श्याला दाटपणा यावा म्हणून ज्वारी. प्रत्येक घराचा हिशेब वेगळा आणि तो सहसा घराबाहेर जात नाही. सगळं एकदम कढईत टाकलं की बिघडलं. खसखस चटकन करपते, खोबऱ्याला तेल सुटायला वेळ लागतो, दगडफुलाला नुसती ऊब पुरते. म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि ताटात वेगळा मांडायचा. मग पाटा. वरवंटा पुढे जाताना अंगाचा भार, मागे येताना नुसतं बोटांचं वळण. पाण्याचा हबका मोजका, कारण पाणी जास्त झालं की वाटण घसरतं आणि बारीक होत नाही. मावशी दोन बोटांच्या चिमटीत वाटण घेऊन चोळायच्या. कण लागला की पुन्हा सगळं पाट्याच्या वरच्या टोकाला. बोटांना गुळगुळीत लागेपर्यंत त्या थांबत नसत, मग बाहेर कुणी कितीही घाई करो.

शेफ मंडळी ज्याला ‘मीज आँ प्लास’ म्हणतात, ते भाजलेल्या जिनसांचं हे ताट. ते शिकायला मावशी कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या.

लांब रोटीचं पीठही असंच. टीव्हीवाले आले की, उपडा मटका आणि कोपरापर्यंत झुलणारी रोटी दाखवतात, कारण डोळ्यांना ते नवल वाटतं. पण रोटी हातावर न फाटता झुलते ती आधी केलेल्या कणकेमुळे. पीठ वस्त्रगाळ केलेलं, पाणी थोडं थोडं घालत सैल केलेलं आणि मग उचलून आपटून, आपटून उचलून ताणाला आणलेलं. त्या मळण्याला कुणी कॅमेरा लावत नाही.

आता माहेरी जाते ती मेट्रोनं. 11 डिसेंबर 2022 रोजी सीताबर्डी ते प्रजापतीनगर हा टप्पा सुरू झाला आणि अग्रसेन चौक, चितार ओळ ही स्टेशनं सेंट्रल अव्हेन्यूवर उभी राहिली. उंचावरून खाली पाहिलं की, जुन्या गल्ल्यांतल्या कित्येक घरांच्या जागी मजले दिसतात. खाली दुकान, वर गोदाम. राहणारी माणसं बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडे सरकली. भाजी निवडून आणि चिरून पाकिटात मिळते, सोललेला लसूण मिळतो, पुरण वाटायला यंत्र आहे, सावजी मसाला बाटलीत मिळतो. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक कित्येक घरांत बाहेरून येतो.

याचं मला वाईट वाटत नाही. रात्रभर विळीवर बसून सकाळी पाठ धरलेली आई मी पाहिली आहे. मिरच्या वाटून हातांची आग झाल्यावर ताकात बोटं बुडवून बसलेल्या मावशी पाहिल्या आहेत. जी सून बँकेत किंवा शाळेत दिवसभर काम करून येते, तिनं रात्री पाट्यासमोर बसावं असं म्हणायचा कुणाला अधिकार नाही. मिक्सरनं आणि पुरणयंत्रानं बायकांचे जे तास वाचवले, त्याचं मोल मोठं आहे.

टीव्हीनंही एक गोष्ट चांगली केली, आणि ती मनापासून सांगावीशी वाटते. महाराष्ट्रात पाककला स्पर्धा काही नव्या नाहीत. गणेशोत्सवात, महिला मंडळात, हळदीकुंकवाला त्या होतच असत. पण तिथे सजवलेली ताटली घरून यायची. परीक्षक चमचाभर चव घ्यायचे आणि नंबर द्यायचे. ताटलीमागचे हात कुणी पाहिले नाहीत. टीव्हीनं पहिल्यांदा पदार्थाच्या आधीचं काम मंचावर आणलं. कांदा एकसारखा चिरणं ही गुण देण्यासारखी गोष्ट आहे, हे भल्याभल्या शेफनी समोर उभं राहून सांगितलं. पहिल्या ‘मास्टरशेफ इंडिया’च्या विजेत्या पंकज भदौरिया लखनौच्या शिक्षिका होत्या. घरच्या ओट्यावरून माणूस तिथवर पोचू शकतो हे देशानं पाहिलं. 2025 मध्ये ‘सेलिब्रिटी मास्टरशेफ’मध्ये उषा नाडकर्णी त्या घड्याळापुढे उभ्या राहिल्या, तेव्हा मला आमच्या गल्लीतल्या सगळ्या काकू-मावश्या तिथे उभ्या असल्यासारखं वाटलं. आमच्या नागपूरच्या विष्णू मनोहरांनी एप्रिल 2017 मध्ये शहरातच सलग 53 तास स्वयंपाक केला आणि त्याच वर्षी 3,000 किलोंची खिचडी शिजवली. खिचडी एवढी म्हटली की त्यामागचं निवडणं, धुणं, चिरणं केवढं, हे ज्यानं पंगतीची तयारी पाहिली आहे त्यालाच कळेल.

आणखी एक. माझा भाचा टीव्हीवरची ती तयारीची फेरी पाहून सुरी धरायला शिकला. बोटांची टोकं आत वळवायची, सुरीचं टोक पाटीवरून उचलायचं नाही. आमच्या लहानपणी मुलगा माजघरात आला तर “तुझं काय काम इथं?” म्हणून त्याला पिटाळत. आज तो सांबार बारीक चिरतो आणि घरात कुणाला त्याचं नवल वाटत नाही. हे जुन्या माजघरानं दिलं नसतं.

तरीही त्या घड्याळासमोर मन अडतं. तिथे जो मागे पडतो तो घरी जातो. आमच्याकडे जी मागे पडायची तिच्या ताटात, जिचं आधी आटोपलं तिचे हात यायचे. आत्याचं कोहळं फोडून झालं की, ती न बोलता माझ्या गवारीतला अर्धा ढीग स्वतःकडे ओढायची. वेग तेव्हाही होता आणि तो दाखवायची हौसही होती. पण सगळं ताट एकदम संपायचं आणि मगच सगळ्या उठायच्या. चांगला हात कमी हाताच्या शेजारी बसायचा म्हणून कला पुढच्या हातात गेली. धोप्याच्या पानाची शीर काढायला मी याच रीतीनं शिकले. शर्यतीत शिकायला तेवढा वेळ मिळत नाही.

म्हणून आमच्या भागातल्या मंडळांना आणि महिला मंडळांना माझं सांगणं आहे. यंदा पाककलेच्या स्पर्धेत घरून ताटली मागवू नका. तयारीची रिले ठेवा. एका संघात आजी, सून, नातू असे तिघं. धोप्याची पानं तासायची, संत्र्याचा गर काढायचा, पाट्यावर वाटण गुळगुळीत करायचं. नियम एकच वेगळा ठेवा: ज्याचं आधी होईल त्यानं आपल्या संघातल्या मागे राहिलेल्याचं काम हातात घ्यायचं, आणि बक्षीस शेवटचं पान तयार झाल्यावरच. ज्यांनी आयुष्यभर सोळा भाज्या निवडल्या त्या काकूंना परीक्षक म्हणून खुर्ची द्या आणि त्यांची नावं माइकवरून घ्या. टीव्हीनं या कामाला मान दिला, आमच्या माजघरानं त्याला सोबत दिली होती. एकाच मांडवात दोन्ही जमवता येतील, आणि त्यासाठी लागणारे हात गांधीबागेत अजून आहेत.